पोट चिमटीत येतंय का, आधी ते बघा

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४१, उंची ५ फूट ७ इंच, वजन ८४ किलो. हातपाय बारीकच आहेत पण पोट टणक, गोल सुटलंय, कंबर ४१ इंच भरते. काम बसून, जिम दोनदा लावून सोडली. एका सेंटरमधून सारखे फोन येतात की लायपोसक्शन करून घ्या, सकाळी या, संध्याकाळी घरी, याच आठवड्यात डिस्काउंट आहे. सिगरेट दिवसाला ५-६, शुगर बॉर्डरला. बेंबीपाशी उभं राहिलं की बोराएवढा फुगवटा येतो, आडवं झालं की जातो, पण त्याचा त्रास काही नाही. घरी सांगितलं नाहीये. करून टाकू का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : आत्ता नको. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी सहज लिहिलीय, तो बेंबीपाशी येणारा फुगवटा. तो बहुतेक हर्निया आहे, म्हणजे पोटाच्या भिंतीला तिथे भोक आहे आणि त्यातून आतली चरबी, कधीकधी आतडंसुद्धा बाहेर डोकावतं. लायपोसक्शनमध्ये चरबी ओढून काढायला कॅन्युला म्हणजे एक लांब पोकळ नळी कातडीखाली मागेपुढे फिरवतात, तिचं टोक सर्जनला डोळ्यांनी दिसत नाही, हाताच्या अंदाजावर काम चालतं, आणि ती त्या भोकातून आत गेली तर आतड्याला छेद जाऊ शकतो. क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. म्हणून आधी जनरल सर्जनला दाखवा, ते सांगतील तशी सोनोग्राफी करून घ्या. आणि फुगवटा आत जायचा थांबला, दुखायला लागला, उलट्या झाल्या तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. पोटाला हात न लावता फोनवर तारीख देणाऱ्या सेंटरमध्ये तर जाऊच नका.

आता चरबीचं. उभं राहून पोट आवळा आणि चिमटीत धरा, जे चिमटीत येतं ती कातडीखालची चरबी, लायपो फक्त तीच काढते. पोट टणक लागतंय, चिमटीत फारसं येत नाही आणि उताणं झोपल्यावरही घुमटासारखं वरच राहतं, तर चरबी पोटाच्या स्नायूंच्या पलीकडे, आतड्यांभोवती आहे आणि तिथे लायपोची नळी नेतच नाहीत. पुरुषांची ढेरी बरेचदा अशीच असते, त्यात हातपाय बारीक नि पोट मोठं हा आपल्याकडचा नेहमीचा बांधा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच दाखला दिला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के!

शुगर सुधारेल म्हणून करत असाल तर तसंही होत नाही. त्याच वर्षी अमेरिकेत १५ लठ्ठ बायकांवरचा अभ्यास आला होता, पोटावरची साधारण १० किलो चरबी काढूनही १०-१२ आठवड्यांनी इन्सुलिनचं काम, बीपी, कोलेस्टेरॉल यात काहीच फरक नव्हता. उलट आतली चरबी चालण्याने आणि जेवण आवरल्याने लवकर उतरते, त्यामुळे रोज पाऊण तास चाला, रात्रीचं जेवण लवकर आणि कमी करा, आणि काट्यापेक्षा टेपवर लक्ष ठेवा. आपल्या पुरुषांसाठी कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, तुमची १०४ आहे.

सहा-आठ महिन्यांनी वजन एका जागी थांबलं, हर्नियाचं काम मार्गी लागलं आणि तरी बाजूचे टायर चिमटीत येत असतील तर लायपोचा विचार जरूर करा, तेव्हा छान रिझल्ट येतो. पण सर्जन प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी घेतलेलाच हवा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मागायला लाजू नका, भूल कोण देणार, आयसीयू आहे का हेही विचारा. सिगरेट किमान ४ आठवडे आधी पूर्ण बंद. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. खर्च खिशातून करावा लागेल, कॉस्मेटिक सर्जरी मेडिक्लेममध्ये बसत नाही.

आणि घरी सांगाच. पहिल्या रात्री छेदांमधून लालसर पाणी झिरपतं, कपडे भिजतात, माणूस घाबरतो, जवळ कुणीतरी लागतं. नंतर धाप लागली, छातीत दुखलं किंवा एका पायाची पोटरी सुजली तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टीत न्यायलाही कुणीतरी हवं.

प्रश्न : वय ३३. लायपो करून ५ आठवडे झाले, वजन जेमतेम किलोभर उतरलं, पोट अजून सुजलेलं आणि मध्येमध्ये गाठीसारखं कडक लागतं. फसलो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही हो, एवढ्यात ठरवू नका. लायपो वजन उतरवायला नसते, आकार बदलायला असते, आणि सूज पूर्ण उतरायला ३ ते ६ महिने जातात, कडकपणाही तसाच हळूहळू मऊ होतो. प्रेशर बेल्ट डॉक्टरांनी सांगितलाय तोवर वापरा. मात्र एखादी जागा लाल, गरम झाली, पू आला किंवा ताप भरला तर फॉलोअपच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी सर्जनला दाखवा.