पीडीबीच्या (प्रोटीनच्या रचनांच्या सार्वजनिक संग्रहाच्या) फाइलमध्ये मेम्ब्रेन, म्हणजे पेशीचे लिपिडांचे पटल, का दिसत नाही, आणि ओपीएम व पीडीबीटीएम या मेम्ब्रेनची जागा दाखवणाऱ्या डेटाबेसांच्या सीमा जुळल्या नाहीत तर कोणती धरावी?

मेम्ब्रेन दिसत नाही, कारण ते फाइलमध्ये नसतेच. एखाददुसरा घट्ट बांधलेला लिपिड रेणू सोडला, तर बाकीचे लिपिड व (प्रोटीन विरघळवायला वापरलेले) डिटर्जंट विस्कळीत असल्यामुळे इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशात, म्हणजे अणूंच्या जागा ज्यावरून ठरवतात त्या नकाशात, उमटत नाहीत. मेम्ब्रेनची जागा प्रत्येक डेटाबेस गणिताने ठरवतो. ओपीएमच्या फाइलमधील लाल ठिपके बाहेरची सीमा दाखवतात आणि निळे आतली.

खरा घोळ सीमांपेक्षा नोंदींमध्ये होतो. मी ठाण्यातील एका महाविद्यालयात बायोइन्फॉर्मॅटिक्स शिकवते. माझ्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी पीडीबीतील २आरएच१ ही नोंद, म्हणजे २००७ साली प्रसिद्ध झालेली बीटा-२ ॲड्रिनर्जिक रिसेप्टरची (ॲड्रिनॅलिन ओळखणाऱ्या मेम्ब्रेनमधील प्रोटीनची) रचना, घेतली होती. तिने मेम्ब्रेनमधून आरपार जाणारे सातही हेलिक्स (सर्पिल भाग) वेगवेगळ्या रंगांत दाखवले आणि पेशीच्या आतल्या बाजूला लोंबणारा मोठा गोळा करडा ठेवून त्यावर ‘टी४ लायसोझाइम’ असे लिहिले. बाह्य परीक्षकांनी विचारले, की रिसेप्टरच्या एवढ्या मोठ्या डोमेनचे (प्रोटीनच्या स्वतंत्र भागाचे) कार्य का दिलेले नाही. तो रिसेप्टरचा भाग नसून, क्रिस्टल मिळावेत म्हणून आतल्या बाजूच्या तिसऱ्या लूपच्या जागी जोडलेले विषाणूचे प्रोटीन आहे, असे तिने शांतपणे सांगितले आणि त्या भागातील अमिनो आम्लांचे क्रमांक अचानक हजारापुढे जातात हेही स्क्रीनवर दाखवले. त्यावर “साखळी एकच आहे, म्हणजे प्रोटीनही एकच” असे म्हणून त्यांनी गुण कापले. तोंडी परीक्षेत मार्गदर्शकाला मध्ये बोलता येत नाही, म्हणून मी नंतर लेखी हरकत घेतली. परीक्षकांचे मत अंतिम असते, एवढेच उत्तर आले. ते मत चुकीचे होते आणि आजही चुकीचेच आहे. त्याच नोंदीच्या सीक्वेन्सच्या (अमिनो आम्लांच्या क्रमाच्या) पानावर एका साखळीखाली युनिप्रॉट या प्रोटीनच्या डेटाबेसच्या दोन स्वतंत्र नोंदी दिसतात. ते पान उघडण्याची तसदी कोणीतरी घ्यायला हवी होती.

त्यामुळे रंग भरण्याआधी सीक्वेन्स वाचा आणि नेहमी जैविक असेंब्ली (प्रोटीन प्रत्यक्ष काम करते त्या रूपातली साखळ्यांची पूर्ण जुळणी) उघडा. १के४सी या पोटॅशियम चॅनेलच्या मूळ फाइलमध्ये चॅनेलची एकच साखळी आणि तिला चिकटलेला अँटिबॉडीचा तुकडा आहे. चार साखळ्या जुळवल्याशिवाय आयन जाण्याचा मार्गच तयार होत नाही. तिथे अँटिबॉडीला चॅनेलचा डोमेन म्हणणारेही मी पाहिले आहेत.

सीमांबाबत माझे मत असे, की दोन-तीन अमिनो आम्लांच्या फरकावर वाद घालू नये. ओपीएम घ्यावे आणि चित्राखाली तसे लिहावे. मात्र प्रोटीनभोवती मेम्ब्रेन वाकते अशी शंका असेल, तर सपाट सीमा पुरत नाहीत. तेव्हा संगणकीय सिम्युलेशनवर आधारलेला मेमप्रॉटएमडी हा डेटाबेस पाहावा. आपले काम परीक्षेसाठी असेल, तर युनिप्रॉटच्या दोन्ही नोंदी छापून परिशिष्टात जोडा आणि क्रमांकांखाली रेघ ओढा.