बोर्ड चालू करून देऊ नकोस

नमस्कार,

नव्या बॅचला एम्बेडेड लिनक्स, म्हणजे यंत्रांच्या आतल्या छोट्या कॉम्प्युटरवर चालणारं लिनक्स, शिकवायचं काम तुझ्या गळ्यात पडलं, हे वाचून बरं वाटलं. सोबतचा आराखडाही पाहिला. पहिल्या दिवशी योक्टो (बोर्डासाठी अख्खी लिनक्स इमेज बांधून देणारी साधनं), दुसऱ्या दिवशी योक्टोचे लेयर, तिसऱ्या दिवशी पुन्हा योक्टोच. कंपनीचं काम त्यावर चालतं, तेव्हा हे सुचणं साहजिक आहे. पण मी योक्टो शेवटच्या आठवड्यात ढकललं असतं. योक्टोतल्या बिटबेक या बिल्ड करणाऱ्या प्रोग्रॅमला आज्ञा दिली की तो काही तास मशीन तापवतो आणि तयार इमेज हातात ठेवतो. कार्डावर उतरवली, बोर्ड सुरू झाला, सगळे खूश. शिकलं कोणीच काही नाही.

स्लाइड बनवण्यात रात्री घालवू नकोस. फ्रान्समधल्या बूटलिन कंपनीचं प्रशिक्षण साहित्य लॅबसकट क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुलं आहे. ते घे, हवं तसं बदल, फक्त बदललेलंही त्याच परवान्याखाली द्यायचं हे लक्षात ठेव. तुझा वेळ बेंचवर जायला हवा.

बीगलबोन ब्लॅक पडून आहेत म्हणतेस, तेच काढ. 2013 चा बोर्ड, 512 एमबी रॅम. मॅनेजर नाक मुरडतील, मुरडू देत. त्याच्या प्रोसेसरचं मॅन्युअल कोणालाही डाउनलोड करता येतं, आणि मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, त्याचा सपोर्ट पक्का आहे. यूएसबी-सिरियल केबल मात्र 3.3 व्होल्टचीच मागव. 5 व्होल्टवाल्या स्वस्तात मिळतात, पण या पिनांना त्या सोसत नाहीत.

पहिल्या दिवशी कार्ड नसलेला आणि आतली ईएमएमसी (बोर्डावरचीच कायमची साठवण) पुसलेला बोर्ड प्रत्येकाच्या हातात दे. 115200 बॉडच्या वेगाने कन्सोल (बोर्डाचा मजकूर दाखवणारी सिरियल जोडणी) जोडला की पडद्यावर सी, सी, सी, सी अशी अक्षरं उमटत राहतात. मुलं म्हणतील, बोर्ड मेला. मेलेला नाही, चिपमधला रॉम कोड सांगतोय की मला बूट करण्याजोगं कुठेच काही सापडलं नाही, आता सिरियलवरूनच एक्समोडेम या पद्धतीने फाइल पाठवा. हे तू सांगू नकोस, मॅन्युअलमधलं बूटचं प्रकरण उघडून दे आणि चहाला जा. परत येशील तोवर पुढचा प्रश्न तयार असेल: यू-बूट हा बूटलोडर (कर्नल चढवणारा प्रोग्रॅम) थेट का चढत नाही, मध्ये एसपीएल हा छोटा लोडर कशाला? चिपच्या पोटातली मेमरी 128 केबी, त्यात पूर्ण यू-बूट मावत नाही, आणि बाहेरची रॅम अजून कोणी जागी केलेली नसते. हे ज्याचं त्याला उमगलं की नवा बोर्ड कुठल्या टप्प्यावर अडलाय ते तो लॉग पाहून सांगतो.

रूट फाइलसिस्टमचा, म्हणजे कर्नलनंतर लागणाऱ्या सगळ्या फाइलींचा, धडा माझ्या सगळ्यात आवडीचा. बिझीबॉक्स (इनिट, शेल असे छोटे प्रोग्रॅम एकाच फाइलीत) मुद्दाम डायनॅमिक, म्हणजे बाहेरच्या लायब्ररींवर विसंबणारं, बिल्ड करायला लाव, आणि लायब्ररी टाकायच्या असतात हे बोलूच नकोस. कर्नल उठेल, फाइलसिस्टम माउंट होईल आणि शेवटी पॅनिक: ‘नो वर्किंग इनिट फाउंड’. कर्नल सगळ्यात आधी चालवतो तो प्रोग्रॅम म्हणजे इनिट, आणि ते तर एसबिन फोल्डरात ढळढळीत दिसतंय! अर्धा दिवस परमिशन तपासण्यात जाईल, जाऊ दे. खरी गोम अशी की इनिट जागेवर आहे, गायब आहे तो त्याला चालवणारा डायनॅमिक लोडर. पण इनिट नसो वा लोडर नसो, कर्नलला ‘फाइल नाही’ हाच एरर मिळतो. रीडएल्फ ही आज्ञा चालवली की कुठला लोडर हवाय ते छापून येतं. एखाद्याने क्रॉस-कंपायलर (बोर्डाच्या प्रोसेसरसाठी कोड बनवणारा कंपायलर) न लावता लॅपटॉपसाठीचंच बिझीबॉक्स टाकलेलं असेल, त्याला वेगळा मेसेज येईल: इनिट आहे, पण चालवता आलं नाही, एरर उणे 8. दोन्ही मेसेज फळ्यावर शेजारी-शेजारी लिही आणि कर्नलच्या सोर्समध्ये इनिट फोल्डरातल्या मेन डॉट सी मध्ये त्या ओळी शोधायला लाव. सी-डॅकचा एम्बेडेडचा डिप्लोमा करून आलेल्यांना सी भाषा येतेच, फक्त कर्नलचा कोड आपणही उघडून वाचावा असं त्यांना कोणी म्हटलेलं नसतं.

डिव्हाइस ट्रीला, म्हणजे बोर्डावर काय काय जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलीला, दोन दिवस दे. एआरएम प्रोसेसरच्या प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्ये वेगळी सी फाइल असायची, तो पसारा पाहून 2011 मध्ये लिनक्सचे जनक टॉरवाल्ड्स भडकले आणि एआरएमची मंडळी डिव्हाइस ट्रीकडे वळली, एवढा इतिहास पुरे. मग डीएस3231 हे घड्याळाचं मॉड्यूल आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवर लावायला दे. ज्यावरून ड्रायव्हर ठरतो त्या ‘कम्पॅटिबल’च्या नावात एक अक्षर चुकलं तरी कंपायलर तक्रार करत नाही, बूट लॉगही गप्प बसतो, ड्रायव्हर नुसता जोडला जात नाही. आयटूसीडिटेक्ट या आज्ञेच्या तक्त्यात घड्याळाच्या 68 या पत्त्याच्या जागी यूयू दिसलं की समजायचं, ड्रायव्हरने ते डिव्हाइस ताब्यात घेतलं.

झेफिर आणि फ्रीआरटीओएस या छोट्या रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल कोणीतरी विचारेलच. जिथे एमएमयू (मेमरीचे पत्ते सांभाळणारा प्रोसेसरचा भाग) नाही आणि रॅम किलोबाइटमध्ये मोजायची, तिथे तेच योग्य, त्यासाठी वेगळा वर्ग घे. लिनक्स रिअल-टाइम (ठरल्या वेळेत हमखास प्रतिसाद देणारं) नाही असं कोणी ठासून सांगितलं तर 6.12 या कर्नल आवृत्तीचं नाव काढ. प्रीएम्प्ट आरटी हे रिअल-टाइमचं काम 2024 मध्ये मुख्य कर्नलमध्ये आलं.

परीक्षेला पेपर नको, कर्नलला पाठवलेला पॅच (कोडमधला छोटा बदल) हवा. स्पेस काढण्याचे आणि स्पेलिंग सुधारण्याचे पॅच मेंटेनरांना, म्हणजे कर्नलचा तो तो भाग सांभाळणाऱ्यांना, वैताग आणतात. डिव्हाइस ट्री बायंडिंगच्या (डिव्हाइसचं वर्णन कसं लिहायचं त्या नियमांच्या) जुन्या टेक्स्ट फाइली यामल या ठरीव स्वरूपात आणणं हे खरं काम आहे, नवशिक्याला झेपतंही. स्कीमा तपासायचा, चेकपॅच ही तपासणीची स्क्रिप्ट चालवायची, गेट मेंटेनर या स्क्रिप्टकडून पत्ते घ्यायचे, खाली आपल्या नावाने साइन्ड-ऑफ-बाय. ती सही म्हणजे हा कोड द्यायचा मला अधिकार आहे असं लिहून देणं, म्हणून कंपनीची लेखी परवानगी आधी काढ.

आणि आयटी विभागाला आत्ताच गाठ. पॅच मेलनेच पाठवायचे असतात, आणि ऑफिसचा मेल सर्व्हर टॅबचे स्पेस करतो आणि खाली ‘हा मजकूर गोपनीय आहे’ची शेपटी चिकटवतो. तसा पॅच मेंटेनर हातात धरत नाहीत. ती शेपटी काढून घ्यायला तुला बहुधा बूटलोडर शिकवण्यापेक्षा जास्त दिवस लागतील.