मुरुमांच्या त्वचेला वनौषधी लावायच्या तर

तुम्ही लिहिलंय की गाल आणि हनुवटीवर वर्षभर मुरुम आहेत आणि औषधी जेल नको, सगळं हर्बलच हवं. सध्या रात्री कडुलिंबाचं तेल, दिवसाआड हळद-लिंबाचा लेप, फोडावर टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या तेलाचा नुसता थेंब असं चालू आहे. शिवाय घटकांची यादी नसलेलं एक ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ क्रीम आहे. त्याने चार दिवसांत चेहरा नितळ झाला, आणि आता एक रात्र चुकली तरी चेहऱ्याची आग होते.

आधी क्रीमचं बोलते, कारण बाकीचं थांबू शकतं, हे नाही. मुरुम वर दिसतो त्याच्या कितीतरी आठवडे आधी रोमछिद्रात तेल आणि मृत पेशींचं बूच बसायला लागलेलं असतं. ते चार दिवसांत मोकळं करेल अशी कुठलीही वनस्पती नाही. इतक्या झटपट लाली उतरवतं ते स्टेरॉइड. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन ही स्टेरॉइडं मिसळलेली ‘हर्बल’ क्रीमं वारंवार सापडली आहेत, आणि रंग उजळवणाऱ्या काही क्रीमांत पारासुद्धा. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि शेवटी एकसारख्या लाल पुटकुळ्या उठतात. थांबवलं की आग आणि लाली उसळते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. तुमची लक्षणं मला नेमकी याच वळणावरची वाटतात. याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना भेटा आणि डबी सोबत न्या. एकदम सोडायचं की हळूहळू, ते त्यांना ठरवू द्या.

आता लेप. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) २ च्या आसपास असतो, निरोगी त्वचेचा साधारण ५. पीएचचं मोजमाप दहापटीने चढतं, म्हणजे हा फरक सुमारे हजारपट आम्लतेचा आहे. त्यात लिंबाच्या जातीतल्या फळांत, विशेषतः सालीत, फ्युरानोकूमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखं होतं आणि तिथे काळपट डाग महिनोन्महिने राहतो. माझं सगळं म्हणणं इथेच आहे: सावळ्या त्वचेवर मुरुमापेक्षा त्याचा डाग जास्त टिकतो, आणि त्वचा चिडली की डाग पडू शकतो, मग ती फोडाने चिडो की उपायाने. त्यामुळे ‘चुरचुरतंय म्हणजे काम करतंय’ हे डोक्यातून काढून टाका. वनस्पती निवडताना ती किती जोरकस आहे यापेक्षा तुमची त्वचा ती किती शांतपणे सोसते ते पाहा.

टी ट्रीबद्दल मला खरोखर आस्था आहे, कारण मुरुमांसाठी नीट तपासल्या गेलेल्या मोजक्या वनस्पतींपैकी ती एक. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ जणांवर ५ टक्के टी ट्री जेल आणि ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड (मुरुमांवरचं नेहमीचं औषध) यांची तुलना झाली. दोन्हींनी मुरुम कमी झाले. टी ट्रीला वेळ जास्त लागला, पण कोरडेपणा आणि आग कमी झाली. मात्र ते जेल ५ टक्के होतं. तुम्ही बाटलीतून थेट थेंब लावता तो शंभर टक्के, म्हणजे वीसपट. दुसरी गोष्ट, हे तेल हवा आणि उजेडाने बिघडतं, आणि बिघडलेल्या तेलाची ॲलर्जी सहज जडते. एकदा जडली की सहसा जन्माची सोबत. खिडकीजवळ ठेवलेली अर्धी रिकामी बाटली टाकून द्या. नवीन आणाल ती गडद काचेची आणा, बाटलीवर पेनाने उघडल्याची तारीख लिहा आणि वर्षाच्या आत संपवा. त्यापेक्षा सोपं म्हणजे तयार ५ टक्क्यांचं जेल.

कडुलिंबाचं तेल प्रयोगशाळेत जंतूंना मारतं हे खरं, पण ते जड आहे, आणि रात्रभर तेलाखाली झाकलेली मुरुमांची त्वचा क्वचितच सुधारते. कपाळावर किंवा पाठीवर एकाच आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या असतील तर ते मुरुम नसून मॅलॅसेझिया या यीस्टचा, म्हणजे एका सूक्ष्म बुरशीचा प्रकार असू शकतो. तेलातली मेदाम्लं हे त्याचं खाद्यच.

कोरफड चालेल, पण ती थंडावा देते, बूच काढत नाही. पान कापलं की पिवळा चीक पूर्ण निथळू द्या, त्यानेच खाज सुटते. बाकुचिऑल (बावचीतून वेगळं काढलेलं द्रव्य) असलेलं सीरम आणि बावचीचं कच्चं तेल यांत तर कधीच गल्लत करू नका. शुद्ध बाकुचिऑल सौम्य असतं. कच्च्या तेलात सोरालेन असतं, आणि ऊन लागताच ते त्वचा पोळतं.

लेबलवर घटक जास्त प्रमाणाकडून कमीकडे लिहितात, पण १ टक्क्याखालचे कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. माझी एक युक्ती सांगते. यादीत फिनॉक्सीइथेनॉल शोधा. हे संरक्षक द्रव्य बहुधा १ टक्क्यापर्यंतच घालतात. जाहिरातीतली वनस्पती त्याच्याही मागे असेल, तर ती बहुतेक नावापुरतीच आहे. संरक्षक द्रव्याला घाबरू नका. पाणी असलेल्या घरगुती लेपात ते नसतं, म्हणून त्यात जंतू वाढतात. असा लेप ताजा करा, उरलेला टाका.

क्रीमचं काय करायचं ते डॉक्टरांकडून कळल्यावर बाकी सगळं दोन आठवडे बंद करा. सौम्य फेसवॉश, हलकं मॉइश्चरायझर, सकाळी एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, बस. मग एकच नवी गोष्ट घ्या आणि ती आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहा. ॲलर्जी दोन-तीन दिवसांनीही उठते, त्यामुळे तासाभराची चाचणी पुरत नाही. चेहऱ्यावर सुरू केलीत की आठ ते बारा आठवडे दुसरं काही जोडू नका, नाहीतर गुण कुणाचा आणि दोष कुणाचा ते कळणार नाही.

औषधी जेलला तुमचा विरोध समजते, तरी ॲझेलेइक ॲसिडबद्दल डॉक्टरांना विचारा. ते गहू, जव, राय या धान्यांतही असतं, मुरुम आणि डाग दोन्हींवर चालतं आणि गरोदरपणातही सहसा देतात. हनुवटीवरचे फोड खोल आणि दुखरे असतील, खड्डे पडत असतील किंवा पाळी अनियमित असेल, तर तेही त्याच भेटीत सांगा. मूळ हार्मोन्समध्ये असेल तर वरून लावलेला कुठलाही पाला पुरा पडणार नाही.