गुडघे, दम आणि संध्याकाळचा सराव : मुलींच्या बास्केटबॉलविषयी वाचकांचे प्रश्न

जुलै उजाडला की नाशिकच्या महाविद्यालयांत प्रवेशांची गर्दी ओसरते आणि सूचनाफलकावर निवड चाचण्यांच्या तारखा लागू लागतात. या महिन्यात मुलींच्या बास्केटबॉल संघांविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील तिघांच्या प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या मुलींच्या संघाची जबाबदारी यंदा प्रथमच माझ्याकडे आली आहे. संघाचे निम्मे गुण एकटीने करणारी खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडली. नव्याने आलेल्या मुली उंच आणि चपळ आहेत, पण त्यांतील बहुतेक कबड्डी किंवा अ‍ॅथलेटिक्समधून आल्या आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला सुमारे आठ आठवडे उरले आहेत, आमचे मैदान उघड्यावरचे व सिमेंटचे आहे आणि पाऊस थांबायला तयार नाही. सुरुवात कशापासून करावी?
— क्रीडाशिक्षक, गंगापूर रोड

उत्तर : सुरुवात पायांपासून करा. नव्या मुलींच्या हाती पहिल्याच दिवशी चेंडू देऊन ले-अप (धावत जाऊन रिंगजवळून घ्यायचा शॉट) घ्यायला लावण्याचा मोह कोणत्याही प्रशिक्षकाला होतो, परंतु उडी मारून नीट उतरता येणे आणि वेगात असताना दोन पावलांत थांबता येणे, ही दोन कौशल्ये पक्की होईपर्यंत बाकीचे सारे घाईचे ठरते. कबड्डी खेळलेल्या मुलीला खाली वाकून तोल सांभाळणे चांगले जमते. मात्र रिबाउंडसाठी, म्हणजे रिंगवरून परतलेला चेंडू पकडण्यासाठी, हवेत उंच जाऊन, कोणाचा तरी धक्का लागत असताना, दोन्ही पायांवर उतरण्याची सवय तिला नसते.

हा आग्रह धरण्याचे कारण गंभीर आहे. गुडघ्यातील ज्या अस्थिबंधाला मैदानावर सगळे एसीएल म्हणतात, तो तुटण्याचा धोका बास्केटबॉलसारख्या खेळात मुलांपेक्षा मुलींना दुपटीहून अधिक असतो, आणि या दुखापती बहुतेक वेळा कोणाशी टक्कर न होता, उतरताना, थांबताना किंवा वळताना होतात. शस्त्रक्रिया करावी लागली तर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो, म्हणजे पदवीच्या तीन वर्षांतले एक जवळजवळ पूर्ण वर्ष हातचे जाते. दिलासा देणारी गोष्ट अशी, की नियमित आणि योग्य सरावाने हा धोका बराच कमी करता येतो.

पहिले दोन आठवडे रोज पंधरा-वीस मिनिटे यासाठी राखून ठेवा. खेळाडूला वीतभर उंचीच्या पायरीवरून दोन्ही पायांवर खाली उतरायला सांगा आणि स्वतः तिच्या समोर उभे राहा. गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत राहतात की एकमेकांकडे आत झुकतात, हे समोरूनच दिसते. उतरल्यावर तीन अंक मोजेपर्यंत तिने तसेच वाकलेल्या स्थितीत थांबावे. कानही उघडे ठेवा. धप्प असा आवाज आला, तर गुडघे आणि खुबे पुरेसे वाकले नाहीत आणि सगळा भार सांध्यांवर गेला, असे समजावे. मोबाइलवर चित्रण करून त्या मुलीलाच दाखवले, तर दहा वेळा सांगून जे कळत नाही ते एका नजरेत कळते. हे दोन पायांवर जमले की एका पायावर, मग वळून, मग शेजारच्या मुलीने खांद्याला हलका धक्का दिलेला असताना, अशी पायरी-पायरीने वाढ करावी. त्याच्या जोडीला बैठका, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम आणि पोटाचे व्यायाम हवेतच. दोन आठवड्यांनंतरही यातली दहा मिनिटे हंगाम संपेपर्यंत वॉर्मअपमध्ये राहू द्या, कारण सराव थांबला की शरीर जुन्या सवयीकडे वळते.

पावसाविषयी माझे मत ठाम आहे. ओल्या सिमेंटवर उड्यांचा किंवा वळण्याचा सराव एक दिवसही घेऊ नये. उघडीप मिळाली तरी कोपऱ्यांत आणि बोर्डाच्या खांबांभोवती शेवाळ धरलेले असते. ते खराट्याने घासून काढल्याशिवाय मुलींना आत सोडू नका. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी व्हरांड्यात किंवा सभागृहात चेस्ट पास (छातीसमोरून दिलेला), बाउन्स पास (जमिनीवर आपटून दिलेला), पिव्होट (एक पाय जागीच ठेवून वळणे) आणि बचावाची बैठक यांचा सराव करता येतो, आणि त्यात गेलेला वेळ मुळीच वाया जात नाही.

चेंडूंची पिशवीही एकदा तपासून पाहा. मुलींच्या सामन्यात सहा क्रमांकाचा चेंडू असतो. त्याचा परीघ सुमारे 72 सेंटिमीटर आणि वजन साधारण 510 ते 550 ग्रॅम असते. पुष्कळ ठिकाणी मुलांच्या संघाने वापरून टाकलेले सात क्रमांकाचे, 600 ग्रॅमच्या आसपासचे चेंडू मुलींच्या वाट्याला येतात. रिंगची उंची मात्र दोघांना सारखीच, 3.05 मीटर. त्या जड चेंडूने रोज सराव केलेली मुलगी खांद्यातून ताकद लावून चेंडू ढकलायला शिकते, आणि सामन्याच्या दिवशी हलका चेंडू हाती आला की तिचे शॉट रिंगच्या पलीकडे जातात. ही काटकसर संघाला महागात पडते. प्राचार्यांकडे सहा क्रमांकाच्या नव्या चेंडूंची मागणी लेखी करावी.

राहिली गुण करणारी खेळाडू. तिच्या जागी दुसरी तशीच एक शोधत बसू नका. एका मुलीवर अवलंबून असलेला संघ, प्रतिस्पर्ध्याने तिच्यावर दोघी सोडल्या की थबकतो, आणि पाच वैयक्तिक फाउल होऊन ती बाहेर गेली तर त्याच्याकडे काहीच उरत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून तिघींविरुद्ध तिघींचे छोटे सामने खेळवा आणि त्यांत ड्रिबलिंगला, म्हणजे चेंडू आपटत नेण्याला, बंदी घाला. चेंडू पुढे न्यायचा तर पासच द्यावा लागतो आणि पास मिळवायचा तर मोकळ्या जागेत धावावेच लागते, त्यामुळे नव्या मुलींना चेंडूविना हलणे लवकर कळते. बारा जणींतील किमान आठ जणी सामन्यात कोणत्याही क्षणी उतरवता येतील इतक्या तयार करणे, हे या आठ आठवड्यांचे उद्दिष्ट मला पुरेसे वाटते.

प्रश्न : मी वसतिगृहात राहते आणि दुसऱ्या वर्षाला आहे. पहिले दोन क्वार्टर मी चांगली खेळते, पण तिसऱ्या क्वार्टरमध्ये पाय जड होतात, धाप लागते आणि कधी डोळ्यांपुढे अंधारी येते. दम वाढवण्यासाठी रोज पहाटे कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर धावते, तरीही फरक पडलेला नाही. आणखी किती धावू?
— एक खेळाडू, नाशिक

उत्तर : धावणे वाढवण्याआधी तुम्ही रक्त तपासून घ्या. डोळ्यांपुढे अंधारी येणे हे केवळ सराव कमी पडल्याचे लक्षण मानून चालणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि खेळाडू मुली त्याला अपवाद नसतात. हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली असेल तर स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळत नाही, मग कितीही धावलात तरी तिसऱ्या क्वार्टरमध्ये पाय जडच होणार. हिमोग्लोबिनसोबत लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही तपासावे, कारण शरीरातील लोहाचा साठा आधी आटतो आणि हिमोग्लोबिन नंतर उतरते. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तरच घ्या, मैत्रिणीच्या सल्ल्याने नको. मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल किंवा पाळी काही महिने आलीच नसेल, तर तेही डॉक्टरांना न संकोचता सांगा. सराव वाढला आणि खाणे तेवढेच राहिले, तर पाळी लांबते आणि हाडेही कमकुवत होतात.

वसतिगृहाच्या खाणावळीत फार निवड नसते, हे मी जाणतो. तरी बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, हरभरे, मेथी यांपैकी जे मिळेल ते घ्यावे, वर लिंबू पिळावे आणि जेवणाबरोबरचा चहा तासभर पुढे ढकलावा, कारण चहामुळे अन्नातील लोह नीट शोषले जात नाही. पहाटे उपाशीपोटी सरावाला जाऊ नका. एक केळे किंवा शेंगदाण्याचा लाडू खाऊन निघा.

आता धावण्याविषयी. नाशिकला लांब पल्ल्याच्या धावण्याची मोठी परंपरा आहे. 2010 च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवणाऱ्या कविता राऊत याच मातीतल्या, त्यामुळे दम म्हटला की आपल्याकडे प्रत्येकाला लांब पळणेच आठवते. बास्केटबॉलचा दम वेगळा असतो. 28 मीटरच्या कोर्टवर काही सेकंद पूर्ण वेगाने धावायचे, थांबायचे, वळायचे, उडी मारायची आणि श्वास पुरता खाली बसण्याआधी पुन्हा धावायचे, असे दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरमध्ये चालते. म्हणून आठवड्यातून दोन दिवस संथ धावणे ठेवा, आणि आणखी दोन दिवस कोर्टवरच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वेगाने जाऊन परतण्याच्या फेऱ्या, मध्ये थोडी विश्रांती घेत, करा. रक्ताचा अहवाल येईपर्यंत मात्र या वेगवान फेऱ्या थांबवा आणि ही गोष्ट प्रशिक्षकांच्या कानावर घाला.

प्रश्न : माझी मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. सराव संध्याकाळी साडेसातपर्यंत चालतो आणि तिला नाशिक रोडला घरी पोहोचायला रात्र होते. अभ्यासाचेही नुकसान होते असे घरच्यांना वाटते. यंदा तिचा खेळ बंद करावा का?
— एक पालक, नाशिक रोड

उत्तर : माझे उत्तर नाही असे आहे, पण तुमची चिंता रास्त आहे आणि ती प्रशिक्षकांपर्यंत पोहोचायलाच हवी. दीड तासाचा आखीव सराव तीन तासांच्या विस्कळीत सरावापेक्षा केव्हाही चांगला, त्यामुळे सराव पाच ते साडेसहा या वेळेत बसवता येईल का, हे त्यांना विचारा. त्या वेळेला सिटीलिंकच्या बसलाही गर्दी असते आणि एकाच दिशेने जाणाऱ्या दोघी-तिघींना सोबत निघता येते. संपूर्ण हंगामाचे वेळापत्रक, सामन्यांच्या अपेक्षित तारखा आणि आठवड्यातील सुट्टीचा दिवस धरून, लेखी मागून घ्या. ते आणि परीक्षेचे वेळापत्रक शेजारी ठेवून मुलीबरोबर बसलात, तर कोणत्या आठवड्यात सराव कमी करायचा हे तिलाच ठरवता येईल. तिचे म्हणणे तुमच्या पत्रात कोठेच आलेले नाही. निर्णय घेण्याआधी ते आवर्जून ऐका.