आईच्या तोंडचा शब्द

प्रिय पोरी,

तुझा अनुवाद काल रात्री वाचून संपवला. एका वाक्यापाशी अडखळले. मूळ इंग्रजी कथेत मुलगी एका मुलाच्या प्रेमात पडलीय, आई तिच्या त्या ओढीला 'इन्फॅच्युएशन' म्हणते आणि तू तिथे 'क्रश' ठेवलंस. अर्थ एकच ना, असं तू म्हणशील. मला तसं वाटत नाही.

'इन्फॅच्युएशन'च्या पोटात लॅटिनमधला 'फॅच्युअस' दडलाय, म्हणजे खुळा. कुणाला खुळं करून सोडणं, हा त्या शब्दाचा जुना अर्थ. म्हणून ज्याच्यावर वेळ आलीय तो हा शब्द सहसा उच्चारत नाही. बाहेरून बघणारे उच्चारतात, किंवा तोच माणूस, सगळं ओसरल्यावर. 'क्रश'चं तसं नाही. तो लाजत, मैत्रिणीच्या कानात, स्वतःबद्दलच सांगायचा शब्द. त्यात निवाडा नाही. शिवाय क्रश त्या भावनेलाही म्हणतात आणि त्या माणसालाही. (इंग्रजीत लिहिशील तेव्हा क्रश 'ऑन' आणि इन्फॅच्युएटेड 'विथ', हे विसरू नकोस.)

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनॉव्ह यांनी १९७९ च्या पुस्तकात याच ओढीसाठी 'लिमरन्स' हा नवा शब्द मांडला. त्यात खुळेपणाचा शिक्का नाही. पण घरातली आई असं बोलणार नाही.

मग मराठीत काय? 'आकर्षण' फिकं आहे, सल्ल्याच्या सदरातलं. 'मोह' म्हटलं की षड्रिपू आठवतात आणि आई कीर्तनकार वाटायला लागते. 'भुरळ' घातली म्हटलं तर दोष त्या मुलाकडे जातो; 'भाळलीस' म्हटलं तर मुलीकडे. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण आपल्या क्रियापदातच कोणाला जबाबदार धरायचं ते ठरून जातं. कथेतली आई त्या मुलाला कधी भेटलेलीच नाही. ती लेकीला बोलतेय. तेव्हा 'भाळलीस', किंवा सरळ 'खूळ आहे हे, उतरेल'. मी 'खूळ' घेतलं असतं. लॅटिनमधला तो खुळा जसाच्या तसा मराठीत उतरतो आणि स्वयंपाकघरात शोभतोही.

मुलीच्या तोंडी मात्र 'प्रेम'च राहू दे, प्रत्येक वेळी. तिला दुसरा शब्द माहीतच नाही, आणि आईचं 'खूळ' तिला लागायला हवं.

ती तीन पानं पुन्हा लिहून रविवारपर्यंत पाठव.

तुझी,
मावशी