मदतपत्रातले आकडे कसे वाचावेत?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि आम्हा तिघांकडेही ग्रीन कार्ड आहे. मुलगी यंदा बारावीत आहे. फॅफ्साचा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीसाठीचा, अर्ज वेळेत भरला होता आणि आता दोन ठिकाणांहून मदतीची पत्रे आली आहेत. खासगी कॉलेजने वर्षाच्या ६८,००० डॉलर खर्चापैकी ५०,००० डॉलरची मदत देऊ केली आहे, तर राज्य विद्यापीठाने ३४,००० पैकी फक्त ९,५०० डॉलरची. म्हणजे खासगी कॉलेजात आम्हाला १८,००० आणि विद्यापीठात २४,५०० डॉलर भरावे लागतील. मग खासगी कॉलेजच स्वस्त पडते, असे समजावे का? माझ्या यजमानांना शंका वाटते. दोन्ही पत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

उत्तर : तुमच्या यजमानांची शंका रास्त आहे. या पत्रांत परत न करायचे पैसे, काम करून मिळवायचे पैसे आणि व्याजासह फेडायचे पैसे हे सगळे ‘एड’ या एकाच मथळ्याखाली मांडलेले असतात आणि तळाशी त्यांची एकच बेरीज दिलेली असते. तुमच्या पहिल्या पत्रातील ५०,००० डॉलरमध्ये कॉलेजची ग्रँट (परत न करायची मदत) २४,००० आहे, मुलीच्या नावावरचे फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचे, कर्ज ५,५०० आहे, वर्क-स्टडी (शिकता शिकता काम करून मिळवायचा पगार) २,५०० आहे आणि शेवटच्या ओळीत पॅरेंट प्लस या नावाने १८,००० आहेत. ही शेवटची ओळ म्हणजे तुम्ही आईवडिलांनी स्वतःच्या नावावर काढायचे कर्ज आहे. ते तुम्हाला मंजूर झालेलेही नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि तुमचा पतइतिहास तपासला जातो. मदत म्हणून मोजावी अशी रक्कम या पत्रात २४,००० डॉलरचीच आहे.

विद्यापीठाच्या पत्रात ४,००० डॉलरची शिष्यवृत्ती आणि ५,५०० डॉलरचे तेच फेडरल कर्ज आहे. तेव्हा खर्चातून केवळ ग्रँट आणि शिष्यवृत्ती वजा करा. खासगी कॉलेजात ४४,००० डॉलर उरतात आणि विद्यापीठात ३०,०००. ज्याला तुम्ही स्वस्त समजत होता, ते वर्षाला १४,००० डॉलरनी महाग आहे आणि हाच फरक चार वर्षे राहिला तर ५६,००० डॉलरचा होतो. या पत्रांची मांडणी अधिक सरळ असायला हवी, असे मला मनापासून वाटते, कारण आयुष्यात पहिल्यांदाच असे पत्र हातात घेणाऱ्या कुटुंबाने ही फोड स्वतःहून ओळखावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

मुलीच्या नावावरचे फेडरल कर्ज मात्र सरसकट नाकारू नका. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० डॉलर मिळतात आणि त्यापैकी सबसिडाइज्ड प्रकारचे कर्ज ३,५०० डॉलरपर्यंतच असू शकते. या प्रकारात शिक्षण चालू असेपर्यंतचे व्याज सरकार भरते; अनसबसिडाइज्ड कर्जावर मात्र पैसे दिल्या दिवसापासून व्याज चढू लागते. वर्क-स्टडीची रक्कम फीच्या बिलातून वजा होत नाही. मुलीला काम मिळाले आणि तिने ते केले, तर पगाराच्या रूपाने ती हळूहळू हाती येते. म्हणून पहिल्या सत्राचे बिल भरण्याच्या हिशेबात ती धरू नये.

ग्रँट चारही वर्षे मिळणार का, त्यासाठी किती गुणांची अट आहे आणि फी वाढली तर ग्रँटही वाढते का, हे कॉलेजला लेखी विचारा. फॅफ्सा दरवर्षी नव्याने भरावा लागतो, हेही ध्यानात असू द्या. शिवाय त्यात दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न धरलेले असते. २०२६-२७ या शैक्षणिक वर्षासाठी २०२४ सालचे उत्पन्न पाहिले जाते. त्यानंतर तुमच्यापैकी कोणाची नोकरी गेली असेल किंवा आजारपणाचा मोठा खर्च झाला असेल, तर कागदपत्रांसह आर्थिक मदत कार्यालयाकडे फेरविचाराचा अर्ज करा. परिस्थिती पाहून आकडे बदलण्याचा अधिकार त्या कार्यालयाला कायद्याने दिलेला आहे. आपल्याकडची अनेक कुटुंबे संकोचापोटी हा अर्ज करत नाहीत आणि मिळू शकणारी मदत सोडून देतात. बऱ्याच कॉलेजांत प्रवेशनिश्चितीची मुदत १ मे असते, तेव्हा ही विचारणा याच आठवड्यात करावी.

प्रश्न : भारतात आमचा एक फ्लॅट आहे. तो फॅफ्सात दाखवावा लागतो का?

उत्तर : होय, दाखवावा लागतो. तुम्ही राहता ते घर आणि ४०१(के)सारखी निवृत्ती खाती फॅफ्सात मोजली जात नाहीत. परंतु दुसरे घर, मग ते कोणत्याही देशात असो, गुंतवणूक मानले जाते. आजच्या बाजारभावातून थकीत गृहकर्ज वजा करून उरणारी किंमत डॉलरमध्ये लिहावी. घाबरून जाऊ नका, कारण पालकांच्या मालमत्तेचा जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग हिशेबात येतो, तर मुलाच्या नावावरच्या पैशांचा २० टक्के. खोटी माहिती देणे हा मात्र गुन्हा आहे.

प्रश्न : मी एच-१बी या नोकरीच्या आणि पत्नी एच-४ या कुटुंबीयांसाठीच्या व्हिसावर आहे. थोरला मुलगा एच-४ वर असून धाकटी मुलगी अमेरिकेत जन्मलेली आहे. आमचे ग्रीन कार्ड रांगेत आहे. मुलांना मदत मिळेल का?

उत्तर : फेडरल मदतीसाठी विद्यार्थ्याचा स्वतःचा नागरिकत्वाचा किंवा ग्रीन कार्डाचा दर्जा पाहिला जातो, आईवडिलांचा नाही. त्यामुळे थोरल्याला ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत ही मदत मिळणार नाही. अर्ज प्रलंबित असणे पुरेसे नसते. त्याच्यासाठी कॉलेजांच्या स्वतःच्या निधीकडे पाहावे लागेल. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अॅमहर्स्ट येथे परदेशी अर्जदाराचीही आर्थिक गरज प्रवेशाच्या निर्णयात आड येत नाही आणि प्रवेश मिळाल्यास ती गरज पूर्ण भागवली जाते. परंतु तिथला प्रवेश अत्यंत कठीण आहे. इतर अनेक कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशअर्जासोबतच मदत मागितली नाही, तर पुढच्या वर्षांत ती मागता येत नाही. म्हणून प्रत्येक कॉलेजचा नियम अर्जापूर्वीच वाचावा. पुष्कळ खासगी कॉलेजे यासाठी कॉलेज बोर्डाचा सीएसएस प्रोफाइल हा वेगळा अर्ज मागतात. त्याला शुल्क असते. फॅफ्सा मात्र पूर्णपणे मोफत आहे, त्यामुळे तो भरून देण्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

धाकटी अमेरिकन नागरिक असल्यामुळे तिला फॅफ्सा भरता येईल. पत्नीकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल, तर तेवढ्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका. असा क्रमांक नसलेल्या पालकालाही फेडरल संकेतस्थळावर स्वतःचे खाते उघडता येते. ओळख पटवण्यात काही दिवस जाऊ शकतात, म्हणून हे खाते मुलीचा अर्ज सुरू करण्याच्या बरेच आधी उघडून ठेवावे.