भाटातला सुतार पक्षी: मागे धावू नका, त्याची फेरी ओळखा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गोव्यात फोंडा तालुक्यात मावशींच्या घरी राहायला आलात, घरामागे भाट, म्हणजे माडांची बाग, आणि त्याला लागून कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, समोर गुरं चरतात तो गवताचा मळ. रोज सकाळी सुतार पक्ष्याची आरोळी ऐकू येते. हाताशी ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स आहे. तरी चार महिन्यांत हाती काय लागलं, तर खोडाआडून दिसणारी शेपटी आणि पांढऱ्या आभाळावरची काळी आकृती. मोबाइलवर आवाज लावून बोलवावं का, खाणं ठेवावं का, आणि शेजारचे काका म्हणतात तसा शेंडा गेलेला माड तोडून टाकावा का, असं तुम्ही विचारलंय. क्रमाने उत्तर देत नाही, आधी जे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं तिथून सुरू करतो.

अडचण लेन्सची नाही. तुम्ही त्याच्या मागे जाता, ही अडचण आहे. सुतार पक्ष्याला माणसाची चाहूल लागली की तो लगेच उडत नाही, खोडाच्या पलीकडे सरकतो आणि चिकटून गप्प राहतो. तुम्ही उजवीकडून वळसा घेतलात की तो डावीकडे सरकतो. तुम्ही अगदीच जवळ आलात की पाठ दाखवून पसार. हे मी पहिली दोन वर्षं करत होतो. मग एकदा ताप आलेला असताना अंगणातल्या बाकावर नुसता बसून होतो, कॅमेरा मांडीवर. समोरच्या माडावर आलेला नर माझ्याकडे बघून पलीकडे गेला आणि पाच-सहा मिनिटांत स्वतःच पुढे आला. पुढच्या बाजूलाही वाळवी होती, तो कशाला सोडेल? त्या दिवसापासून मी चालणं बंद केलं आणि बसायला लागलो.

बसायचं कुठे, हे त्याची फेरी ओळखल्यावर कळतं. सोनपाठी सुतार, म्हणजे भाटात सर्रास दिसतो तो, झाडाच्या खालच्या भागावर उतरतो आणि गोल फिरत वर चढत जातो. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे, आणि शेपटीची ताठ पिसं खोडाला टेकलेली, तिवईसारखी. शेंड्याच्या आसपास पोचला की आरोळी ठोकत, वर-खाली हेलकावे घेत उडतो आणि पुढच्या झाडावर पुन्हा खालीच उतरतो. म्हणजे तो ज्या माडावर आहे त्याच्याकडे कॅमेरा रोखून काही मिळायचं नाही. पुढचा माड कोणता ते ताडायचं आणि त्याच्या बुंध्यापासून दोन पुरुष उंचीवर आधीच फोकस लावून ठेवायचा. पंधरा दिवस वही ठेवा. किती वाजता, कुठल्या दिशेने आला, कुठल्या झाडावर किती वेळ थांबला, एवढंच लिहा. माझ्या भाटात एक जोडी हिवाळाभर साडेसातच्या सुमाराला विहिरीकडून यायची, पाच माड करायची आणि फणसावरून कुळागरात उतरायची. तिसऱ्या माडापासून आठ मीटरवर, सूर्य पाठीला ठेवून, जुन्या साडीचा आडोसा करून बसलो, आणि ३०० ची लेन्स पुरून उरली.

त्या आडोशातून पाहिलेलं एक दृश्य सांगतो, कारण फोटोपेक्षा ते जास्त कामाला आलं. जानेवारीतली सकाळ, पानांवरून दव टपकत होतं. मादी खोडावर उतरली. कपाळ काळं आणि त्यावर कणी सांडावी तसे पांढरे ठिपके, मागचा तुरा तेवढा लाल. खोडावर वाळवीने बांधलेली मातीची नळी होती. तिने ती फोडली नाही. आधी चोचीच्या टोकाने हलकेच दोन टिचक्या मारल्या, मान कलती केली, थांबली. हातभर वर सरकून पुन्हा दोन टिचक्या. तिसऱ्या ठिकाणी मात्र चोच आडवी फिरवून मातीचा पोपडा एका झटक्यात उडवला आणि लांब जीभ आत-बाहेर जायला लागली. ती जीभ तोललेली असते त्या हाडांचा सांगाडा कवटीच्या मागून वळसा घेऊन थेट कपाळापर्यंत येतो, म्हणून ती एवढी बाहेर काढता येते. मिनिटभर ती एकाच जागी होती. मला कळलं की दोन टिचक्या आणि कलती मान दिसली की तयार व्हायचं. चोच आडवी फिरली की पक्षी तिथे रेंगाळणार.

आता मळाबद्दल. तुम्ही लिहिलंय की गवतात काय मिळणार म्हणून तिकडे बघत नाही. जरूर बघा. सोनपाठी सुतार मुंग्यांसाठी जमिनीवरही उतरतो, आणि पोटावर खवल्यांसारखी नक्षी असलेला हिरवा सुतार तर बराच वेळ जमिनीवरच चरतो. मळाच्या कडेला वारूळ असेल, आपण रोयण म्हणतो ते, तर तीच तुमची जागा. सातेरी देवीची म्हणून आपल्याकडे रोयणीला सहसा कोणी हात लावत नाही, त्याचा पक्ष्यांनाही फायदा होतो. इथे बसून किंवा पालथं पडूनच फोटो घ्या. उभ्याने घेतला तर पक्षी गवतात बुडालेला दिसतो. कॅमेरा जमिनीलगत आणला की मागचं गवत पुसट होऊन सोनेरी पाठ उठून येते. गुरं सुटायच्या आधीची वेळ बरी.

ओळखीची एक गफलत सगळेच करतात. सोनेरी पाठ दिसली की एकच नाव लिहून मोकळे होतात. उडताना कंबर, म्हणजे शेपटीच्या बुडाजवळची पाठ, बघा. काळी असेल तर नेहमीचा सोनपाठी, साधारण २८ सेंटीमीटरचा, गळाही काळा आणि त्यावर पांढरे ठिपके. कंबर लाल असेल तर तो वेगळा. त्यातही डोळा फिकट पिवळसर, चोच लांब आणि गालाखालची काळी मिशी दुभंगून मध्ये पांढरी जागा दिसली, तर तो मोठा सोनपाठी. कुळागराच्या डोंगराकडच्या बाजूला तो येऊ शकतो. अगदी चिमणीएवढा, तपकिरी डोक्याचा, बारीक फांद्यांवर फिरणारा दिसला तर तो पिल्लू नव्हे. ती छोट्या सुताराची स्वतंत्र जात आहे, जेमतेम १३ सेंटीमीटरची. काजूच्या झाडांवर मुंग्यांनी बांधलेले शेणाच्या गोळ्यासारखे तपकिरी गोळे असतील तर तिथे विटकरी रंगाचा सुतार शोधा. तो त्या जिवंत मुंग्यांच्या घरट्यातच बीळ करून अंडी घालतो. मला आजही याचं नवल वाटतं.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. आभाळ मागे असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक ते दीड स्टॉप वाढवा, नाहीतर काळी आकृतीच मिळणार. कोवळं ऊन थेट पाठीवर पडलं असेल तर उलट थोडं कमी करा, तो सोनेरी रंग लगेच जळतो. शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या खाली नको, त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, १६०० झाला तरी चालेल. फोकसचा एकच बिंदू आणि तो डोळ्यावर. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर मोहात पाडतं, पण बऱ्याच कॅमेऱ्यांत ते चित्र ओळीओळीने टिपतं, त्यामुळे ठोके मारताना डोकं वाकडं-तिकडं येतं. पक्षी स्थिर असतानाच ते वापरा. ठोक्याचा फोटो हवा असेल तर डोकं मागे गेलेलं असताना टिपा, तिथे क्षणभर थांबा असतो. पुढे आदळतानाचा वेग भयंकर असतो. कवटीत धक्का शोषणारा स्पंज असतो असं आपण ऐकत आलो, पण २०२२ साली संशोधकांनी वेगवान व्हिडिओ मोजून दाखवलं की डोकं धक्का शोषत नाही, ते कडक हातोडीसारखं चालतं. आणि गोव्याचा पावसाळा लक्षात ठेवा. लेन्स कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, नाहीतर गणपतीपर्यंत काचेवर बुरशीची जाळी येते.

मोबाइलवर आवाज लावू नका. हे मी केलंय, म्हणून सांगतो. एका मार्चमध्ये मी त्यांची आरोळी चार-पाचदा वाजवली. नर धावून आला, फोटोही मिळाला. पण नंतर तासभर तो तुरा उभारून झाडाझाडावर फिरत, ओरडत, न दिसणाऱ्या शत्रूला शोधत राहिला. वीस पावलांवर त्यांची ढोली होती आणि तेवढा वेळ आत पिल्लं भुकेली ओरडत होती. तो फोटो मी कुणाला दाखवत नाही. फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत यांचा विणीचा काळ. अंडी बहुधा तीन, अकराएक दिवसांत पिल्लं, आणि आणखी वीसेक दिवसांत ती उडतात. झाडाखाली ताजा भुसा आणि ढलप्या पडलेल्या दिसल्या की वर ढोली आहे असं समजा, लांबून दुर्बिणीने बघा आणि तिथे कॅमेरा घेऊन बसू नका. माणूस रोज बसतो तिकडे कावळ्यांचंही लक्ष जातं.

खाणं ठेवून उपयोग नाही, दाण्यावर तो येणार नाही. त्याचं खाणं म्हणजे मुंग्या, वाळवी, अळ्या, आणि ते तुमच्या झाडांवर आहेच. हुमले, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्या, चावतात म्हणून आंब्यावर औषध मारू नका, एवढं केलंत तरी पुष्कळ. उन्हाळ्यात मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा. पांगारा किंवा सावर फुलात असेल तर त्या झाडासमोर बसा, मधासाठी सुतार पक्षी तिथेही येतात.

राहिला शेजारच्या काकांचा माड. काकांचं म्हणणं खोडून काढू नका, त्यात तथ्य आहे. कुजक्या माडाच्या ओंडक्यात आणि शेणाच्या खड्ड्यात गेंड्या भुंगा वाढतो आणि मग चांगल्या माडांचे शेंडे खातो. म्हणून आधी माड तपासा, पण त्यासाठी पाडेलीला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, वर चढवू नका, मेलेल्या माडाचा भरवसा नसतो. खालूनच खोड बघा. खोडाला भोकं पडून त्यातून तांबूस रस गळत असेल, चोथा बाहेर येत असेल, तर आत सोंड्या भुंगा आहे. तो माड तोडून, चिरून जाळलाच पाहिजे, पक्ष्यासाठीही ठेवू नये. तसं काही नसेल, खोड कोरडं ठणठणीत असेल, घर आणि वाट त्याच्या पडण्याच्या टप्प्यात नसेल आणि जवळ कोवळे माड नसतील, तर काकांना विनंती करा की राहू दे. माझ्याकडच्या अशाच एका खोडात सुताराने केलेली ढोली पुढच्या वर्षी दयाळाने घेतली, त्यानंतर साळुंक्यांनी. मुळापासून काढायचाच ठरला तर निदान ढोली रिकामी असल्याची खात्री करून, पावसाळ्यानंतर काढा. फणसाची किंवा आंब्याची वाळकी फांदी कुणाच्या डोक्यावर नसेल तर ती मात्र ठेवा.

खोडाचा फोटो टाका, बुंधा आणि मधला भाग दोन्ही दिसतील असा. भोकं कसली आहेत ते बघून सांगतो.